सबर्बमधल्या पब्लिक हायस्कूलमध्ये पहिलं वर्ष: नव्याने अमेरिकेत आलेल्या आईबाबांसाठी

आमची मुलगी नववीच्या वयाची असताना आम्ही पुण्याहून इकडे आलो. ह्यातलं काहीच मला कोणी एका जागी बसून सांगितलं नव्हतं, सगळं तुकड्यातुकड्यात कळत गेलं, कधी शेजारणीकडून, कधी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभं असताना. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आम्हाला उशिरा कळल्या आणि त्याची किंमत पोरीने मोजली, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतेय. मध्येमध्ये इतिहासही येईल. तो सोडून देऊ नका, कारण इथल्या शाळेत ज्या गोष्टी आपल्याला विचित्र वाटतात त्या का आहेत हे कळलं की त्यांच्याशी जमवून घेणं खूप सोपं जातं.

सुरुवातीला एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे शाळेच्या पाटीवर "पब्लिक स्कूल" असलं की ती बहुतेक महागडी खासगी शाळा असते. इथे पब्लिक म्हणजे खरंच सार्वजनिक, टॅक्सच्या पैशावर चालणारी, फी नाही, डोनेशन नाही, प्रवेशाची मुलाखत नाही. तुम्ही त्या हद्दीत राहता ना, मग तुमचं मूल तिथे शिकणार, तो त्याचा हक्क आहे. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी अशी चार वर्षं, आणि त्या चार वर्षांना नावं आहेत: फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर. मुलं "नववी-दहावी" असं क्वचितच म्हणतात, ही नावंच वापरतात, तेव्हा ती पाठ करून टाका.

पायरी १: घर शोधतानाच शाळा ठरते

इथे शाळा निवडायची नसते, पत्ता निवडायचा असतो. प्रत्येक घराचा पत्ता कुठल्यातरी स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या हद्दीत) आणि त्यातल्या एका हायस्कूलच्या हद्दीत येतो. ही हद्द गावाच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंची मुलं दोन वेगळ्या शाळांत जातात हे मी स्वतः बघितलंय. त्यामुळे लीजवर सही करायच्या आधी डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकून बघा, घर दाखवणाऱ्या एजंटच्या शब्दावर जाऊ नका, आणि शंका वाटली तर सरळ डिस्ट्रिक्ट ऑफिसला फोन करा.

हे असं का, तर इथल्या शाळांचा बराच पैसा त्या गावातल्या घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. हायस्कूलसाठी लोकांकडून टॅक्स घ्यायचा की नाही ह्यावरच एकेकाळी भांडण होतं. देशातलं पहिलं पब्लिक हायस्कूल बोस्टनमध्ये १८२१ साली सुरू झालं, पण १८७४ मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने कॅलामझू गावाच्या केसमध्ये हायस्कूलसाठीही टॅक्स लावता येतो असा निकाल दिला, आणि मग गावोगावी हायस्कुलं उभी राहायला जोर आला. १९१० च्या सुमारास शंभरातली जेमतेम नऊ मुलं हायस्कूल पूर्ण करायची, १९४० पर्यंत जवळजवळ निम्मी करायला लागली. तीस वर्षांत एवढा फरक!

मग दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक परत आले, सरकारने घरासाठी स्वस्त कर्जं दिली, आणि शहराबाहेर शेतजमिनींवर एकसारख्या घरांच्या वसाहती उठल्या. न्यूयॉर्कजवळचं लेव्हिटटाउन १९४७ चं, ते ह्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेली प्रचंड मोठी पिढी हायस्कूलच्या वयात आली तेव्हा ह्या सबर्बमध्ये भराभर शाळा बांधाव्या लागल्या. म्हणून तुम्हाला इतक्या शाळा त्याच साच्यातल्या दिसतात, बैठी पसरलेली विटांची इमारत, लांबलचक कॉरिडॉर, मोठ्ठं जिम आणि मागे (अमेरिकन) फुटबॉलचं मैदान.

पण ह्या वसाहती सगळ्यांसाठी नव्हत्या. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांमध्ये गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये अशी अट होती. १९५४ च्या ब्राउन निकालाने वर्णावरून वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या खऱ्या, पण १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सबर्बच्या डिस्ट्रिक्टचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहरातल्या मुलांना सामावून घ्यायची सक्ती करता येणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९७३ मध्ये, श्रीमंत आणि गरीब डिस्ट्रिक्टच्या खर्चातली तफावत घटनेच्या विरोधात नाही असाही निकाल आला होता. त्यामुळे आपण "चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट" म्हणून ज्याच्यामागे धावतो त्यातलं बरंचसं हे घरांच्या किमतीचं आणि जुन्या वाटणीचं गणित आहे. घरं आणि शाळा दाखवणाऱ्या साइटवरचं दहापैकी नऊ रेटिंग मुख्यतः टेस्ट स्कोअरवर ठरतं आणि टेस्ट स्कोअर घरातल्या उत्पन्नाच्या मागेमागे जातो. मला विचाराल तर रेटिंगपेक्षा शाळेचा कोर्स कॅटलॉग डाउनलोड करून वाचा, कुठले विषय आहेत, कुठल्या भाषा, ऑर्केस्ट्रा आहे का, वर्कशॉप आहे का, नवीन भाषिक मुलांसाठी काय सोय आहे. त्या पन्नास पानांत शाळा कशी आहे ते खूप जास्त कळतं.

पायरी २: रजिस्ट्रेशनचे कागद

राहण्याचा पुरावा (लीज आणि विजेचं किंवा गॅसचं बिल), मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, मागच्या दोनतीन वर्षांच्या मार्कशीट्स आणि शाळा सोडल्याचा दाखला. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर भारतातून निघायच्या आधीच भाषांतर करून, शिक्का मारून घ्या. पासपोर्ट वयाचा पुरावा म्हणून चालतो, पण व्हिसा कुठला हे शाळेला सांगायची गरज नाही. १९८२ च्या प्लायलर निकालानुसार इमिग्रेशन स्टेटसवरून कुठल्याही मुलाला शाळा नाकारता येत नाही. एच-४ किंवा एल-२ वर (म्हणजे नोकरीसाठी आलेल्या आईबाबांबरोबरच्या डिपेंडंट व्हिसावर) आलेल्या मुलाची फी लागत नाही. (एफ-१ व्हिसावर एकट्याने शिकायला येणाऱ्या मुलाचं वेगळं आहे, त्याला पब्लिक हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने मिळतात आणि पूर्ण खर्च भरावा लागतो. ते आपल्याला इथे लागू नाही.)

आता लसीच्या कार्डाबद्दल, कारण इथे आमचा आठवडा गेला. आपण तारीख लिहितो आधी दिवस मग महिना, इथे आधी महिना मग दिवस. आमच्या डॉक्टरांनी सुंदर अक्षरात ०५/०८ लिहिलं होतं, म्हणजे पाच ऑगस्ट, शाळेच्या नर्सने वाचलं आठ मे, आणि मग दोन डोसमधलं अंतर कमी पडतंय म्हणून कार्ड परत. तेव्हा भारतातून येतानाच डॉक्टरांकडून महिना अक्षरात लिहून आणा. टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला), कांजिण्या, हिपॅटायटिस बी, मेनिंजायटिस ह्या लसी बहुतेक ठिकाणी विचारतात, नेमकी यादी राज्यागणिक बदलते. आणखी एक, काही ठिकाणी टीबीची टेस्ट मागतात. आपल्या मुलांना लहानपणी बीसीजी दिलेली असते त्यामुळे हातावर सुई टोचून करतात ती टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि घरभर काळजी. डॉक्टरला आधीच सांगा की बीसीजी झालीय, रक्ताची टेस्ट करा. रक्ताच्या टेस्टवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

फॉर्मच्या गठ्ठ्यात एक छोटा फॉर्म असतो, घरी कुठली भाषा बोलता. आपल्यातले बरेचजण तिथे इंग्लिश लिहितात कारण मराठी लिहिलं तर मुलाची इंग्लिशची टेस्ट घेतात आणि लोकांना त्याची भीती वाटते. कृपा करून खरं लिहा. चायनीज बोलणाऱ्या मुलांना नुसतं इंग्लिश वर्गात बसवून ठेवणं म्हणजे शिक्षण नाकारणं आहे असं १९७४ मध्ये लाउ केसमध्ये कोर्टाने म्हटलं, त्यातून ही व्यवस्था आली आहे आणि ती मुलांच्या बाजूची आहे. इंग्लिश मीडियमचं मूल असेल तर ती टेस्ट तशी पार होऊन जाते, आणि नाही झाली तर मदत मिळते, त्यात कमीपणा कसला? आमच्या घरी त्या ओळीत ठळक अक्षरात मराठी लिहिलं आणि आजही मला त्याचं बरं वाटतं.

पायरी ३: काउन्सेलरशी भेट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी

आपल्याकडे वर्ग असतो, अ तुकडी ब तुकडी, आणि सगळा वर्ग मिळून एकच टाइमटेबल. इथे तसं काही नाही. प्रत्येक मुलाचं स्वतःचं टाइमटेबल, गणिताला वेगळी मुलं, इतिहासाला वेगळी, शिक्षक आपापल्या खोलीत आणि मुलं फिरतात. हे टाइमटेबल मुलाबरोबर बसून ठरवतो तो काउन्सेलर. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक उपग्रह सोडला, अमेरिका हादरली आणि १९५८ च्या कायद्याने शाळांमधल्या काउन्सेलिंगसाठी पैसा दिला. पाठोपाठ १९५९ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी हायस्कुलांवरच्या अहवालात सांगितलं की दर २५० ते ३०० मुलांमागे एक पूर्णवेळ काउन्सेलर हवा. कॉलेजला जाणारं मूल आणि मोटर मेकॅनिक होणारं मूल एकाच छपराखाली, आणि कोणाला काय झेपेल ते बघायला एक माणूस, अशी ती कल्पना. आजही एका काउन्सेलरकडे तीनचारशे मुलं सहज असतात. त्यामुळे तो वाईट नसतो, त्याच्याकडे वेळ नसतो, आणि म्हणून तुम्ही तयारी करून जायचं.

ग्रॅज्युएट व्हायला, म्हणजे इथे हायस्कूल पूर्ण करायला, क्रेडिट लागतात, बहुतेक ठिकाणी २२ ते २४ च्या आसपास. वर्षभराचा एक विषय म्हणजे एक क्रेडिट. ही पद्धत १९०६ च्या सुमाराची, कार्नेगी युनिट म्हणतात, एका विषयाचे वर्षाला १२० तास असा हिशेब होता. इंग्लिश चारही वर्षं, गणित, सायन्स, अमेरिकन इतिहास, सिव्हिक्स, पीटी, हेल्थ हे साधारण सगळीकडे सक्तीचं. भारतातून नववी-दहावी करून आलेल्या मुलाची तिकडची वर्षं किती क्रेडिटमध्ये बसवायची हे शाळा ठरवते, आणि इथेच नीट लक्ष द्या.

दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला गणिताचा. इथे अल्जिब्रा १, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा २, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस अशी एकेका वर्षाची उतरंड आहे. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दोन्ही दरवर्षी थोडंथोडं शिकवतात, त्यामुळे मार्कशीटवर नुसतं "गणित" दिसतं आणि काउन्सेलरला ते कुठे ठेवायचं कळत नाही. आमच्या मुलीला सरळ अल्जिब्रा १ ला टाकलं होतं. एका महिन्यात ती म्हणायला लागली आई मला सगळं येतंय, आणि आम्ही मात्र "नवीन देश आहे, असू दे, सोपं जाईल" म्हणत बसलो. ऑक्टोबरमध्ये विचारायला गेलो तेव्हा बदलायची मुदत संपली होती. ते एक वर्ष पुढे उन्हाळ्यात जॉमेट्री करून तिने भरून काढलं, सगळ्या मैत्रिणी पोहायला जायच्या आणि ही बिचारी घरात प्रमेयं सोडवत बसायची. तर तुम्ही पहिल्याच भेटीत प्लेसमेंट टेस्ट मागा, आणि मुलाच्या मागच्या वर्षीच्या गणिताच्या पुस्तकाची अनुक्रमणिका इंग्लिशमध्ये टाइप करून घेऊन जा. नुसतं "ही गणितात हुशार आहे" सांगून उपयोग नाही, अनुक्रमणिका दाखवली की समोरच्याला लगेच कळतं.

दुसरा घोळ टक्क्यांचा. आपल्याकडे कडक शाळेत ७५ टक्के म्हणजे चांगलेच. इथे ७५ म्हणजे सी. ते आकडे तसेच्या तसे ट्रान्सक्रिप्टवर (चारही वर्षांच्या मार्कांच्या नोंदीवर) चढले तर मुलाचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, सुरुवातीलाच खाली बसतो आणि पुढची तीन वर्षं तो वर ओढत बसावं लागतं. तेव्हा आधीच्या शाळेकडून ग्रेडिंग स्केल लेटरहेडवर घेऊन या, कितीच्या वर डिस्टिंक्शन, कितीला फर्स्ट क्लास, आणि काउन्सेलरला विचारा की बाहेरच्या देशातले मार्क जीपीएत न धरता फक्त पास म्हणून क्रेडिट देता येईल का. पुष्कळ डिस्ट्रिक्टमध्ये तसं करतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

ऑनर्स आणि एपी हे वरच्या लेव्हलचे वर्ग. एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचा विषय हायस्कूलमध्ये, कॉलेज बोर्ड ह्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने १९५५ पासून चालवलेला, मेमध्ये परीक्षा आणि १ ते ५ मध्ये स्कोअर. पहिल्या वर्षी एक किंवा फार तर दोन घ्या. अमक्याच्या मुलाने पाच घेतले म्हणून आपणही पाच, असं करू नका. मूल देश बदलून आलंय हाच त्याचा एक मोठा विषय आहे.

पायरी ४: पहिल्या दिवसाची तयारी

शाळा लवकर भरते, कुठे ऑगस्टमध्ये, कुठे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेनंतर. ओरिएंटेशनला जाच. तिथे टाइमटेबल हातात मिळतं, ते घेऊन मुलाला रिकाम्या शाळेत एकदा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालू द्या, जिना कुठे, टॉयलेट कुठे, नर्स कुठे. दोन तासांमध्ये चारपाच मिनिटंच मिळतात आणि दीड-दोन हजार मुलं एकदम कॉरिडॉरमध्ये येतात. उशीर झाला की टार्डी लागतो, आणि तासाच्या मध्ये बाहेर जायचं तर हॉल पास लागतो.

लॉकरचं कुलूप! कोणी सांगत नाही पण नवीन मुलाला पहिल्या दिवशी रडवणारी हीच वस्तू. ते किल्लीचं नसतं, गोल तबकडी असते आणि तीन आकडे. उजवीकडे दोनतीन वेढे देऊन पहिल्या आकड्यावर थांबायचं, मग डावीकडे फिरवत पहिला आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर, मग परत उजवीकडे सरळ तिसऱ्यावर आणि झटका. आम्ही दुकानातून तसंच एक कुलूप आणलं आणि डायनिंग टेबलावर सराव केला, बाबाला अकराव्या वेळेला जमलं, लेकीला चौथ्या, आणि मग ती घड्याळ लावून करायला लागली. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिने घरी येऊन पहिलं वाक्य म्हटलं ते, "माझं लॉकर उघडलं." हल्ली काही शाळांनी लॉकर बंद केलेत, आधी विचारून घ्या.

बस पिवळी असते. सगळ्या देशात तोच रंग, कारण १९३९ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या फ्रँक सायर यांनी बैठक बोलावून तो ठरवला, पहाटेच्या अंधुक उजेडात काळी अक्षरं ह्याच रंगावर नीट दिसतात म्हणून. थांब्यावर पाचेक मिनिटं आधी उभं राहायचं. आणि तुम्ही गाडी चालवत असाल तर बसचे लाल दिवे लागून थांब्याचा फलक बाहेर आला की थांबायचंच, ह्यात चूक म्हणजे मोठा दंड.

जेवण कॅफेटेरियात. तिथे पैशांऐवजी पिन नंबर टाकतात, खात्यात तुम्ही ऑनलाइन पैसे भरायचे. १९४६ च्या कायद्यापासून शाळेतल्या जेवणाला सरकारी मदत आहे, उत्पन्न कमी असेल तर फुकट किंवा कमी पैशात मिळतं, त्या फॉर्मची लाज बाळगू नका. शाकाहारी मुलांसाठी निवड कमीच असते, आमच्याकडे डबाच जातो. पण मुलाला विचारून डबा द्या. पहिले काही आठवडे पोरं कोणाशेजारी बसायचं ह्याच चिंतेत असतात, त्या वेळी वासाचा डबा उघडायला संकोचतात, आणि मैत्री झाली की तीच मैत्रिणींना थालीपीठ वाटतात. तोवर आपण रुसायचं नाही.

सकाळी झेंड्याची प्रतिज्ञा होते. आपल्या मुलांना उभं राहावं का, म्हणावं का असा प्रश्न पडतो. १९४३ च्या बार्नेट निकालापासून कोणावरही ती म्हणायची सक्ती करता येत नाही, शांत राहिलं तरी चालतं. आणि एक अवघड गोष्ट, लॉकडाउन ड्रिल. दारं बंद करून, दिवे घालवून मुलं कोपऱ्यात गप्प बसतात, बंदूकधारी आला तर काय करायचं ह्याचा सराव. हे मुलाला पहिल्यांदा शाळेतच कळू देऊ नका. घरी आधी शांतपणे सांगा की असं होईल, सराव आहे, शिक्षकांचं ऐकायचं. आमच्या लेकीला सांगितलं नव्हतं. ती त्या दिवशी घरी आल्यावर माझ्याजवळून उठली नाही.

पायरी ५: मुलाला कशाततरी घाला

शाळा तीनच्या आत सुटते आणि खरं शालेय जीवन तिथून पुढे सुरू होतं. आपण म्हणतो आधी अभ्यास मग बाकीचं. इथे वर्ग एकत्र नसल्यामुळे मैत्री वर्गात होत नाही, ती टीममध्ये, बँडमध्ये, क्लबमध्ये होते. मूल तीन वाजता बसने थेट घरी येत राहिलं तर वर्ष उलटलं तरी त्याला कोणी मित्र नसतो, मग घरात म्हणतात "आमचा जरा लाजाळू आहे."

क्लबला जायला काही लागत नाही, सप्टेंबरमध्ये क्लब फेअर असतं, नाव लिहायचं आणि जायचं. रोबोटिक्स, डिबेट, नाटक, शाळेचं वर्तमानपत्र, की क्लब (हा १९२५ मध्ये सॅक्रामेंटोच्या एका हायस्कूलमध्ये सुरू झाला, सेवाकार्याचा), काय वाटेल ते. खेळांना मात्र डॉक्टरचा फिजिकल फॉर्म (तपासणीचा) लागतो आणि ट्रायआउट म्हणजे निवड चाचण्या असतात, त्यात मुलं गाळतात. आपलं मूल कधी खेळलेलं नसेल तर क्रॉस कंट्री किंवा ट्रॅक बघा, तिथे बहुतेक शाळा कोणाला काढत नाहीत, पळायचं आणि स्वतःची वेळ सुधारायची. मुलींच्या आईबाबांना खास सांगते, १९७१-७२ मध्ये सगळ्या देशात तीन लाखांपेक्षा कमी मुली हायस्कूलच्या खेळात होत्या, १९७२ मध्ये शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी करणारा टायटल नाइन कायदा आला आणि आज तो आकडा तीस लाखांच्या वर आहे. तुमच्या लेकीला ती संधी कायद्याने मिळालीय, घेऊ द्या तिला.

आमची लेक मार्चिंग बँडमध्ये गेली. पुण्यात ती चार वर्षं बासरी शिकली होती, इथली बासरी धातूची आणि फुंकायची पद्धत वेगळी, पण बँडच्या सरांनी घेतलं. ऑगस्टच्या उन्हात दोन आठवडे बँड कॅम्प, डांबरी पार्किंग लॉटवर रंगाने खुणा केलेल्या आणि पोरं आठ पावलांत पाच यार्ड असं मोजत चालतायत, चुकलं की परत पहिल्यापासून. मी पाण्याचे जग भरायला उभी होते. शाळेच्या पहिल्या दिवशी तिला आधीच साठ-सत्तर मुलं ओळखत होती, हे मला कुठल्याही ट्यूशनने मिळवून दिलं नसतं. मग होमकमिंग आलं, म्हणजे जुने विद्यार्थी परत येतात तो शरद ऋतूतला आठवडा. रोज वेगवेगळा पोशाख, शुक्रवारी पेप रॅली (टीमला जोश देणारी सभा), रात्री शेजारच्या गावाविरुद्ध फुटबॉल, शनिवारी डान्स. त्या सामन्याला नक्की जा. फुटबॉल कळला नाही तरी जा, आम्हाला अजून धड कळत नाही. त्या लाकडी बाकांवर माझ्या शेजारी एक सत्तरीचे आजोबा बसले होते, १९६० च्या दशकात ह्याच मैदानावर खेळलेले, आणि मध्यंतरात बँड आल्यावर ते टोपी काढून उभे राहिले आणि मला म्हणाले, तुमचं कोण आहे त्यात? मी बोटाने दाखवलं.

त्या रात्रीनंतर मी शाळेचा इतिहास शोधायला लागले. तुम्हीही एक शनिवार काढा. दारापाशी कोनशिला असते, ट्रॉफीच्या कपाटात जुने फोटो असतात, गावच्या लायब्ररीत बहुतेक वेळा जुनी इयरबुकं, म्हणजे शाळेची दरवर्षीची फोटोंची पुस्तकं, ठेवलेली असतात. आमच्या शाळेच्या कॉरिडॉरमध्ये दरवर्षीच्या सीनियर्सचे छोटे छोटे फोटो एका चौकटीत लावलेत. सुरुवातीच्या चौकटींत सगळे चेहरे एकसारखे. मग १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतरची वर्षं येतात तसे हळूहळू वेगळे चेहरे, ऐंशीच्या दशकात एक पटेल, एक जोशी, आणि आताच्या चौकटीत मोजता येणार नाहीत इतके. लेक म्हणाली, तीन वर्षांनी मी त्या भिंतीवर.

नावाबद्दल एक. पहिल्या आठवड्यात शिक्षक हजेरी घेताना अडखळतात. मुलाने नाव बदलून "मला सॅम म्हणा" म्हणायची घाई करू नये, त्याला स्वतःला हवं असेल तर गोष्ट वेगळी. शिक्षकांना ईमेलमध्ये उच्चार तोडून लिहून पाठवा, बहुतेकजण मनापासून शिकतात.

पायरी ६: आईबाबांनी काय करायचं

बॅक टू स्कूल नाइट चुकवू नका. त्या रात्री तुम्ही मुलाच्या टाइमटेबलप्रमाणे दहादहा मिनिटांचे तास करत फिरता. शिक्षकांना नुसतं सर किंवा मॅडम लिहिण्याऐवजी मिस्टर किंवा मिस आणि आडनाव असं लिहा, ईमेल छोटी आणि नेमकी ठेवा. मार्क ऑनलाइन पोर्टलवर रोज दिसतात, पण तासातासाला बघू नका, मूल घरात यायच्या आधीच आपण ८२ का पडले म्हणून दारात उभे, हे फार वाईट. मी हे केलंय आणि लेकीने एकदा स्पष्ट सांगितलं तेव्हा थांबले. आठवड्यातून एकदा, तिच्याबरोबर बसून.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर सुट्टीला जोडून तीन आठवडे काढायच्या आधी अटेंडन्स ऑफिसला लेखी विचारा. आपल्याला वाटतं घरचं लग्न आहे, सांगितलं की झालं, पण ती गैरहजेरी अनएक्सक्यूज्ड धरली जाऊ शकते आणि फार दिवस झाले तर पटावरून नावही कमी होऊ शकतं. साधं आजारपण असलं तरी सकाळी फोन करायचा.

मुलाला वाचायला, लक्ष द्यायला, किंवा मनाने त्रास होत असेल तर लपवू नका. १९७३ आणि १९७५ च्या कायद्यांपासून अशा मुलांना शाळेने मोफत आधार देणं बंधनकारक आहे, त्या मुलासाठी लेखी ठरवलेल्या योजनेला आयईपी किंवा ५०४ प्लॅन म्हणतात. तपासणीची मागणी लेखी करा आणि तारीख घाला, तोंडी बोलणं हवेत विरतं. आपल्यात "लोक काय म्हणतील" म्हणून दोनदोन वर्षं थांबलेली कुटुंबं मी बघितली आहेत, आणि त्या शाळेत कोणी काहीच म्हणत नाही, कितीतरी मुलांना असे प्लॅन असतात.

पायरी ७: शेवटची दोन वर्षं

ज्युनियर वर्षी ऑक्टोबरात पीएसएटी (सरावाची परीक्षा), मग एसएटी ही कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, जी २०२४ पासून इथे लॅपटॉपवर आहे, १६०० पैकी. ह्याबद्दल माहिती सगळीकडे मिळते म्हणून मी लांबवत नाही, पण व्हिसाची बाजू कोणी बोलत नाही ती सांगते. एच-४ वरच्या मुलाला पगाराचं काम करता येत नाही, मित्र आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करतील आणि ह्याला करता येणार नाही, तेव्हा व्हॉलंटियरिंग बघा. केंद्र सरकारची कॉलेजची आर्थिक मदत एच-४ ला मिळत नाही. पीएसएटीच्या मार्कांवरून मिळणाऱ्या नॅशनल मेरिट स्कॉलरशिपसाठी नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा किमान ग्रीन कार्डचा अर्ज केलेला लागतो. सरकारी युनिव्हर्सिटीत राज्यातल्यांची कमी फी मिळेल की नाही हे राज्यावर अवलंबून. आणि २१ वर्षं झाली की डिपेंडंट स्टेटस संपतं. हे सगळं मुलाला दहावीतच, प्रेमाने, कागद समोर ठेवून सांगा. सीनियर वर्षी मित्रांबरोबर फॉर्म भरताना त्याला कळलं तर त्याला वाटतं आपल्यापासून लपवलं.

प्रॉमच्या (वर्षाअखेरच्या मोठ्या डान्सच्या) खर्चाबद्दल आधी बसून बोला, तिकीट, ड्रेस, फोटो, गाडी असं वाढत जातं, आणि जोडीदार लागतोच असं नाही, मैत्रिणींचा घोळका मिळून जातो. ग्रॅज्युएशनला काही शाळांत प्रत्येक घराला मोजकी तिकिटं मिळतात, त्यामुळे आजीआजोबांचं विमानाचं तिकीट काढायच्या आधी ती संख्या विचारा. टोपी-गाउनची ऑर्डर हिवाळ्यातच होते. आणि इयरबुक त्याच सुमाराला सांगून ठेवा, मेमध्ये वाटायला येतात तेव्हा जास्तीच्या प्रती उरलेल्या नसतात, आणि ज्याच्याकडे नाही त्याला त्या शेवटच्या आठवड्यात कोणाची सही घ्यायला काहीच नसतं.